घरचा सुगंधी साबण : छंद आणि विक्री

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटण्याबरोबर सुवासिक साबणाची नवी वडी काढावी, हा मराठी घराचा रिवाज. मग ते घर बडोद्याचे असो, इंदूरचे असो की बेळगावचे. अलीकडे या वडीला घरातच स्पर्धक निर्माण झाला आहे. महिला मंडळांच्या विक्री-प्रदर्शनांत लोणची आणि भाजणी यांच्या शेजारी वाळ्याचे, मोगऱ्याचे, चंदनाचे हाताने केलेले साबण मांडलेले दिसतात. छंद सुरेख आहे आणि त्यातून चार पैसेही मिळू शकतात. परंतु तो विक्रीला काढण्यापूर्वी काही गोष्टी जाणून घेणे अगत्याचे आहे.

आधी कृती पाहू. तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग झाला की साबण व ग्लिसरीन तयार होते. मोठे कारखाने ग्लिसरीन बहुधा वेगळे काढून घेतात. घरच्या साबणात ते राहते आणि अंगाला मऊपणा देते. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा निराळा असतो. किलोभर खोबरेलाला सुमारे १८० ग्रॅम, तर एरंडेलाला १२८ ग्रॅमच्या आसपास. म्हणून वाटी-चमच्याचे माप येथे कामाचे नाही. ग्रॅम दाखविणारा काटाच हवा. ५०० ग्रॅम खोबरेल, ३५० ग्रॅम शेंगदाण्याचे तेल आणि १५० ग्रॅम एरंडेल घेतल्यास १५० ग्रॅम सोडा व ३५० ग्रॅम पाणी पुरते. हा सोडा हिशेबापेक्षा किंचित कमीच धरला आहे. थोडे तेल मोकळे राहिले तर चालते, सोडा राहिलेला चालत नाही.

सोडा पाण्यात सोडावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. द्रावण क्षणात कढत होते आणि त्याच्या वाफा घशाला झोंबतात. तेव्हा खिडक्या उघड्या, हातांत मोजे, डोळ्यांवर चष्मा आणि मुले दुसऱ्या खोलीत. जर्मनचे पातेले तर वर्ज्यच समजावे : सोडा अॅल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. स्टीलचे भांडे घ्यावे व ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. द्रावण व तेल दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र घोटावे. मिश्रणावर पळीची रेघ उमटून राहू लागली की साच्यात ओतावे. एकदोन दिवसांनी वड्या पाडून त्या हवेशीर फळीवर चार ते सहा आठवडे सुकू द्याव्यात.

खरी गंमत सुगंधाची. किलोभर तेलाला २५ ते ३० ग्रॅम सुगंधी तेल पुष्कळ होते. लिंबू-संत्र्याचा वास लवकर उडून जातो, वाळ्याचा मात्र चिवटपणे टिकतो. लवंगेच्या तेलाने मिश्रण पाहता पाहता थिजते व साच्यात ओतायलाही सवड मिळत नाही. गुलाबाच्या पाकळ्या काळपट पडतात. हळद घालून पिवळी वडी करू पाहणाऱ्या गृहिणीच्या हाती लालसर-नारिंगी वडी येते. आणि यात नवल ते काय? हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू असेच तर होत आले! चंदनाविषयी इतकेच सांगते की, अस्सल चंदनतेल घातलेली वडी स्वस्त मिळणे शक्य नाही. पहिल्या महायुद्धात चंदनाची निर्यात अडली, तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ साली तेल काढण्यास आरंभ केला आणि पुढे त्याचा साबण केला. त्यांच्यापाशी लाकडाचे साठे होते. आपण कृत्रिम सुगंध वापरला असेल तर वेष्टनावर तसे स्पष्ट लिहावे.

आता कायदा. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांचा १९४० चा कायदा पूर्वी साबणाला सौंदर्यप्रसाधनांत धरीत नसे. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. विक्रीसाठी वा वितरणासाठी अंगाचा साबण करावयाचा तर आज २०२० च्या नियमांनुसार राज्याच्या अधिकाऱ्यांचा परवाना लागतो. जागा राहती नसावी, राहत्या घराला जोडलेलीही नसावी, आणि काम जाणकार व्यक्तीच्या देखरेखीखाली चालावे, असा दंडक आहे. म्हणजे स्वयंपाकघरातला साबण घरच्यांनी खुशाल वापरावा. प्रदर्शनात मांडला की तो नियमाबाहेर जातो. कित्येक भगिनींना याची कल्पनाच नसते. इसब किंवा मुरुमे बरी होतात असे वेष्टनावर लिहिणे तर आणखी धोक्याचे, कारण तो औषधाचा दावा ठरतो.

नियम कडक वाटतो, पण माझ्या मते तो रास्त आहे. सोडा जास्त झालेली वडी तान्ह्या बाळाच्या अंगाला लागली तर जबाबदारी कोणाची? शिवाय मार्ग खुंटलेला नाही. चारपाच जणींनी मिळून एक वेगळी खोली घ्यावी आणि एकच परवाना काढावा. किंवा परवानाधारक कारखान्यात आपल्या कृतीने माल करून घेण्याची 'लोन लायसन्स'ची सोय नियमांत आहे, ती पाहावी.

दर ठरविताना बहुतेकींचा हिशेब तेल आणि सुगंध यांपाशीच थांबतो. वरच्या मापात १०० ग्रॅमच्या साधारण पंधरा वड्या होतात, पण त्या सुकून हलक्या होतात. वेष्टनावर वजन सुकल्यानंतरचे छापावयाचे असते. मोडक्या वड्या, खोक्याची किंमत, सहा आठवडे अडकलेले भांडवल आणि मुख्य म्हणजे स्वतःची मजुरी, हे सारे धरले म्हणजे कारखान्याच्या साबणाशी किमतीत बरोबरी होत नाही हे ध्यानी येईल. ती करू पाहू नये. सुगंध आणि निगा यांसाठी दोन पैसे जास्त देणारे गिऱ्हाईक शोधावे.

दिवाळीची मागणी असेल तर वड्या गणपतीच्या आधीच पाडाव्यात. पितृपंधरवड्यात नवे काम नको म्हणून थांबले, तर नरकचतुर्दशीला साबण ओलाच राहतो. संक्रांतीच्या वाणाची मागणी असेल तर मात्र नोव्हेंबरअखेरपर्यंत सवड आहे.