दानाचा इतिहास आणि राष्ट्राचा स्वभाव

दान हा अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांना अवघड वाटणारा विषय आहे. मागणी-पुरवठ्याच्या सूत्रात तो बसत नाही. आणि त्याला पुण्यकर्म म्हटले की चिकित्साच थांबते. अमेरिकन इतिहासकार मर्ल कर्टी (१८९७-१९९६) यांनी ही चिकित्सा नेटाने केली. अमेरिकन विचारांच्या जडणघडणीवरील ग्रंथासाठी १९४४ साली पुलित्झर पारितोषिक मिळविणाऱ्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील या प्राध्यापकाने १९६३ साली आपल्या देशाने परदेशांत केलेल्या दानधर्माचा इतिहास प्रसिद्ध केला.

राष्ट्राची संस्कृती केवळ त्याच्या काव्यात नव्हे, तर ते कोणाला, केव्हा आणि कोणत्या अटीवर देते यातही दिसते, हे अशा अभ्यासातून उमगते. १८४७ साली आयर्लंडमधील दुष्काळपीडितांसाठी बोस्टनहून धान्य घेऊन निघालेले 'जेम्सटाउन' हे जहाज मुळात युद्धनौका होते. धान्य लोकांनी दिले, नौका सरकारने. करुणा आणि परराष्ट्रनीती एकाच शिडाखाली निघाल्या.

आपला अनुभव फारसा निराळा नाही. भारताने मागितलेला गहू अमेरिकन काँग्रेसमधील प्रदीर्घ वादानंतर १९५१ साली मंजूर झाला, तोही दान म्हणून नव्हे, तर १९ कोटी डॉलरच्या कर्जाच्या रूपाने. ते साहाय्य विसरणे कृतघ्नपणाचे; परंतु ते कोणत्या हेतूने आले हे न विचारणेही शहाणपणाचे नव्हे. २०२५ साली अमेरिकेची 'यूएसएड' ही मदतसंस्था बंद झाली, तेव्हा अनेक गरीब देशांतील दवाखान्यांना दात्याच्या मर्जीची किंमत कळली.

दात्याचे दप्तर दात्यापाशी असतेच. घेणाऱ्यानेही आपली वही लिहिली पाहिजे.