सुई शिरेत, काळजी काखेची

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेली बाई रक्त द्यायला बसते तेव्हा आधीच बजावते, ‘डाव्या हातातून नको हं, त्या बाजूचं ऑपरेशन झालंय.’ आता गंमत बघा. रक्त काढायचं ते कोपराच्या खोबणीतल्या शिरेतून. डॉक्टरांनी काढला तो स्तन आणि काखेतल्या ग्रंथी. मग त्या सुईचा काखेशी संबंध काय?

संबंध आहे तो वेगळ्याच एका प्रवाहाशी. आपल्या केशवाहिन्या गळक्या असतात आणि असायलाच हव्यात, नाहीतर पेशींना खाऊपिऊ मिळणार कुठून? झिरपलेला बराचसा द्रव परत जागेवर जातो, पण दिवसाकाठी सुमारे तीन लिटर बाहेरच उरतो. तीन लिटर! अंगातल्या सगळ्या रक्तातला द्रवभागच साधारण तेवढा भरतो. हा द्रव म्हणजे लसिका; तो गोळा करून परत रक्तात सोडतात लसिकावाहिन्या. रक्ताला ढकलायला हृदय आहे. लसिकेला कोण ढकलतं? तिच्या वाहिन्याच! त्यांच्या भिंती मिनिटातून काही वेळा आकसतात, आतल्या झडपा तिला मागे फिरू देत नाहीत. आणि आपल्याला या कारभाराचा पत्ताही नसतो.

माणसालाही तो फार उशिरा लागला. १६२२ साली इटलीत गास्पारे असेल्ली यांनी नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं, तर आतड्यांच्या पडद्यावर पांढरे धागे! मज्जातंतू असतील म्हणून त्यांनी एक कापला, तर आतून दुधाळ द्रव ठिबकला. जेवणातली चरबी घेऊन निघालेली लसिका होती ती. पुढे उपाशी कुत्रा तपासला, तर धागे गायब.

हाताची बहुतेक लसिका काखेतून पुढे जाते. तिथल्या वीस-तीस ग्रंथी म्हणजे चेकनाकेच. जंतू, भरकटलेल्या कर्करोगाच्या पेशी इथे अडतात; म्हणूनच रोग पसरलाय का, ते इथे बघतात. पण नाका उठवला की त्यातून जाणारा रस्ताही तुटतो. शरीर आडवाटा शोधतं आणि बऱ्याच जणींचं त्यावर भागतंही. भागलं नाही तर द्रव हातात साचतो आणि एक दिवस रोजची पाटली मनगटावरून सरकेनाशी होते.

अशा हातात सुईवाटे जंतू शिरले तर? संसर्गाच्या जागी केशवाहिन्या आणखी गळतात, वर उरल्यासुरल्या लसिकावाहिन्याही खराब होतात. ‘त्या हाताला सुई नको’ हा नियम आला तो या धास्तीतून.

आणि मग २०१६ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी ६३२ रुग्णांच्या हातांची तीन हजारांवर मोजमापं मांडली. रक्त काढणं, इंजेक्शन, बीपीचा पट्टा, विमानप्रवास, कशाचाच सूज वाढण्याशी ठोस संबंध दिसेना! दिसला तो जास्त वजनाशी, काखेतल्या ग्रंथी सरसकट काढण्याशी, तिथल्या रेडिएशनशी आणि त्वचेच्या संसर्गाशी. सुई जवळजवळ निर्दोष सुटली.

तरीही दुसरा हात मोकळा असेल तर तोच पुढे करावा. फुकटची सावधगिरी आहे, सोडायची कशाला? दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालं असेल तर ज्या बाजूच्या ग्रंथी कमी काढल्या आणि सूज नाही तो हात, डॉक्टरांना विचारून. पायातून रक्त काढायचं तर त्यांची परवानगी हवीच, मधुमेह असेल तर विशेष. केमोसाठी पोर्ट बसवलेला असेल तर प्रशिक्षित नर्स त्यातूनही रक्त घेऊ शकते. रक्त काढणाऱ्याला निःसंकोच सांगा: पट्टा फार वेळ आवळून ठेवू नका, शीर सापडत नाही म्हणून खुपसत बसू नका. आणि स्पिरिट लावल्यावर ते सुकेपर्यंत थांबा. जंतू मरायला तेवढा वेळ लागतोच, पण घाईत नेमका हाच अर्धा मिनिट खाल्ला जातो.

विळीचा काप, मांजराचा ओरखडा, काखेतले केस काढताना लागलेलं ब्लेड, यांच्यातूनही जंतू तसेच शिरतात. त्यात ऑपरेशनमध्ये तिथला एक मज्जातंतू दुखावला तर काख आणि दंडाची आतली बाजू बधिर होते, लागलेलं कळतच नाही. म्हणून तो भाग आरशात बघायचा. हात लाल, गरम झाला किंवा ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.