छज्जा आहे, तरी ऊन का?

मार्च महिन्यातला शेवटचा तास. पश्चिमेच्या खिडकीशी बसलेली मुले पुस्तक उभे धरून बसली आहेत. वाचण्यासाठी नव्हे, ऊन अडवण्यासाठी! खिडकीवर छज्जा तर आहे. मग ऊन आत येते कसे?

प्रश्न साधा वाटला तरी क्षुल्लक नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंश सेल्सिअसवर गेले. त्या महिन्यात शहरात एरवीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले, असे पुढे अभ्यासातून दिसून आले. अशा शहरात सावली ही चैन नव्हे.

आपण थोडे गणित करू. अहमदाबादचे अक्षांश सुमारे २३ अंश. २१ मार्चला मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ९० – २३ = ६७ अंश उंचीवर, दक्षिणेला असतो. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटर रुंदीचा छज्जा असेल, तर सावली ६० × टॅन ६७° म्हणजे सुमारे १४० सेंटिमीटर खाली पोहोचते. सव्वा मीटर उंचीची खिडकी पूर्ण झाकली जाते. त्याच दिवशी साडेचारला सूर्य पश्चिमेकडे ३१ अंशांपर्यंत उतरलेला असतो. आता पश्चिमेच्या खिडकीवरचा तेवढाच छज्जा ४० सेंटिमीटरही सावली देत नाही. म्हणजे दक्षिणेला आडवा छज्जा चालतो. पश्चिमेला उभा आडोसा हवा.

मग आतून पडदा लावला तर? काचेतून सूर्यप्रकाश सहज आत येतो आणि पडद्यावर पडून तो तापवतो. तापलेल्या पडद्यातून निघणारे अवरक्त किरण मात्र काचेतून थेट बाहेर जाऊ शकत नाहीत. उष्णता खोलीतच राहते. म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवे.

साबरमतीच्या काठी १९५४ मध्ये पूर्ण झालेल्या गिरणीमालक संघाच्या इमारतीत वास्तुशिल्पी ल कॉर्ब्यूझिए यांनी हेच केले. पश्चिमेला त्यांनी काँक्रीटच्या उभ्या फळ्या तिरप्या बसवल्या. अर्धवट उघडलेल्या दारांप्रमाणे त्या ऊन अडवतात आणि वाऱ्याला वाट देतात. पूर्वेला, नदीच्या बाजूला, फळ्या सरळ आहेत. दक्षिण व उत्तर भिंती जवळजवळ बंद आहेत. यात एक उणीव राहते : काँक्रीट दिवसभर तापते आणि ती उष्णता सूर्यास्तानंतरही बाहेर टाकत राहते. त्याच शहरातल्या जुन्या पोळांमध्ये अरुंद गल्ल्यांमुळे घरेच एकमेकांवर सावली धरतात. तिथे भिंत मुळातच कमी तापते.

हे वर्गात करून पाहता येईल. बुटांच्या खोक्याला खिडकी कापा, वर पुठ्ठ्याचा छज्जा चिकटवा. मध्यान्ही खिडकी दक्षिणेकडे आणि साडेचारला पश्चिमेकडे करून दोन्ही वेळा सावली मोजा. मग पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या लावून त्या किती तिरप्या केल्या म्हणजे ऊन अडते, ते मुलांनाच शोधू द्या. त्यानंतर वर्गाच्या खिडकीबाहेर काय लावायचे, हेही तीच सांगतील.