थिबा राजा खरंच ‘बिचारा’ होता का? (एपिसोडची लिखित प्रत)

रत्नागिरीत येऊन थिबा पॉइंटवर सूर्यास्ताची रील काढली नाही असा माणूस विरळाच. मीही काढलीय. माझी आजी तर अजून म्हणते, ‘बिचारा राजा!’ ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणून ठेवला, आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. आपण सांगतो ती गोष्ट एवढीच.

पण त्याआधीचं काय? फेब्रुवारी 1879, मंडालेचा राजवाडा. थिबाला गादीवर बसून पाच महिनेही झाले नव्हते. त्याचे सावत्र भाऊ, बहिणी, त्यांची मुलंबाळं, मिळून सुमारे 80 जण मारले गेले. का? गादीला दुसरा वारस उरू नये म्हणून.

जबाबदार कोण? थिबाची बाजू घेणारे म्हणतात, तो 20 वर्षांचा, मठात शिकलेला पोरगा. डाव सासूचा, म्हणजे राणी सिनब्युमाशिनचा, आणि दरबारी मंत्र्यांचा. हे बरंचसं पटतं. तो आपल्या मुठीत राहील म्हणूनच तर त्याला बसवला होता! शिवाय ‘क्रूर राजा’ हे चित्र इंग्रजांच्या सोयीचं होतं. 1885 च्या युद्धाचं निमित्त बघा: बॉम्बे बर्मा कंपनीला सागाच्या लाकडावरून झालेला दंड.

तरी मला एक खटकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी जनरल यामाशिताला फिलिपिन्समधल्या अत्याचारांसाठी फाशी झाली, त्याने स्वतः हुकूम दिल्याचं सिद्ध न होताही. निकाल वादग्रस्त आहे, पण त्यातून आलेले प्रश्न कामाचे: वरच्याला माहीत होतं का? थांबवता आलं असतं का? नंतर कुणाला शिक्षा केली का?

हे थिबाला लावून बघा. कत्तलीशी ज्याचं नाव जोडलं जातं तो ताइंगडा मंत्री 1885 पर्यंत दरबारात वजन राखून होता. आणि 1884 मध्ये मंडालेच्या तुरुंगात पुन्हा कत्तल झाली. तेव्हा थिबा 25 वर्षांचा, सहा वर्षं मुरलेला राजा. पहिल्या वेळी मी त्याला संशयाचा फायदा देईन. दुसऱ्या वेळी नाही देणार.

न्याउंग्यान आणि न्याउंगोक हे दोन राजपुत्र मात्र वाचले. कत्तलीच्या आधीच ते इंग्रज रेसिडेन्सीत आश्रयाला गेले होते. आजीला परवा हे सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘मग त्या पोरांना बिचारं म्हणायला हवं.’