क्रोशेकामातील गणित

आकड्याच्या एकाच सुईने दोऱ्याचे फास एकमेकांतून ओढून केल्या जाणाऱ्या विणकामाची संख्या, प्रमाण व भूमिती यांच्या आधारे केलेली आखणी. ‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ लहान आकडा असा आहे. एकोणिसाव्या शतकात हे विणकाम यूरोपात रूढ झाले आणि भारतात त्याचा प्रसार बऱ्याच अंशी मिशनऱ्यांमार्फत झाला. आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात त्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. महाराष्ट्रात मात्र ते प्रामुख्याने घरगुती कलाकाम राहिले. पुण्या-मुंबईप्रमाणेच शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्याच्या गावीही दाराचे तोरण, ताटावरचा रुमाल, बाळाचे टोपडे व रुखवतातील शोभेच्या वस्तू या रूपांत ते परिचित आहे. साखळी, मुका खांब व खांब हे त्यातील मूलभूत टाके होत. त्यांच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण हाच पुढील हिशेबाचा पाया आहे.

चौकटींच्या जाळीचे तोरण आलेखाच्या कागदावर आखता येते. एक खांब व दोन साखळ्या मिळून एक पोकळ चौकट होते. साखळ्यांच्या जागी खांब घातले की ती भरीव होते. शेजारच्या दोन चौकटींना मधला खांब सामाईक असल्यामुळे चौकटींच्या तिपटीत एक मिळविला असता ओळीतील टाके मिळतात. समजा, नमुन्यात १० चौकटींनी ८ सेंमी. जागा व्यापली आणि दार ९० सेंमी. रुंद आहे, तर ११२ चौकटी बसतात. १२ चौकटींची वेल नऊ वेळा घेतल्यास १०८ होतात व उरलेल्या चार दोन्ही कडांना दोन-दोन वाटून देता येतात, टाके ३३७. परंतु ऐन मध्यावर एका चौकटीच्या टोकाची समई हवी असेल, तर समसंख्या चालत नाही. कारण तेव्हा मध्य दोन चौकटींच्या सीमेवर येतो. समोरासमोरच्या मोरांपैकी उजवा हा डाव्याचे आरशातील प्रतिबिंब म्हणून उलट मोजून विणता येतो. ‘सुस्वागतम्’ या अक्षरांना ही सवलत नाही. देवनागरीची शिरोरेषा एका ओळीत सहज बसते, वळणे मात्र पायऱ्यांसारखी दिसतात. चौकट खरोखर चौरस येते की नाही, हे आधी पाहणे अगत्याचे असते. अन्यथा कागदावरचा गोल गणपती तोरणावर चपटा होतो.

वाटोळ्या रुमालाचा हिशेब अधिक उद्‌बोधक आहे. वर्तुळाचा परिघ त्रिज्येच्या सु. ६·२८ पट असतो. मुक्या खांबाची उंची व रुंदी साधारणतः सारखी असते. म्हणून प्रत्येक फेरीत त्रिज्या एका टाक्याने वाढते आणि परिघ सु. सहा टाक्यांनी वाढावा लागतो. खांब सु. दुप्पट उंच असल्याने त्याच्या फेरीत बारा टाके वाढवितात. दशांशातील उणीव दोऱ्याच्या लवचिकपणात सामावते. वाढीचे टाके दर फेरीत एकाखाली एक आल्यास मात्र वर्तुळाऐवजी षट्‌कोन दिसू लागतो. ६, १२, १८... अशा या अंकगणितीय श्रेढीत पहिल्या दहा फेऱ्यांना ३३० टाके लागतात, तर वीस फेऱ्यांना १,२६०. अर्ध्या त्रिज्येपर्यंत पोचल्यावर निम्मे काम झाले असे समजणाऱ्यास दोरा कमी पडतो, आणि त्याच रंगखेपेचा दोरा पुन्हा मिळेलच असे नसते.

वाढ थांबविली की कड आत वळते. टोपडे याच तत्त्वावर बेतलेले असते : डोक्याचा घेर ४० सेंमी. असल्यास माथ्याचे वर्तुळ सु. १२·७ सेंमी. व्यासाचे करून पुढे टाके न वाढविता विणतात. याउलट, वाढ गरजेहून अधिक झाली की कडेला चुण्या पडतात. कोंबड्याच्या तुऱ्याच्या फुलाची कड अशीच असते. नवशिक्याच्या हातून होणारा हा दोष गणितज्ञांना उपयोगी पडला.

निकोलाय लोबाचेव्हस्की (१८२९) व यानोश बोल्यॉई (१८३२) यांनी अशी भूमिती मांडली की, जीत रेषेबाहेरील बिंदूतून त्या रेषेला न छेदणाऱ्या एकाहून अधिक रेषा काढता येतात व त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° पेक्षा कमी भरते. या अपास्तीय भूमितीचे पृष्ठ खोगिरासारखे सर्वत्र दोन दिशांना वाकलेले असते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डायना तैमिन्या यांनी १९९७ मध्ये ते क्रोशाने विणले. तत्पूर्वीच्या कागदी प्रतिकृती लवकर फाटत. कृती सोपी आहे. ठराविक टाक्यांनंतर, उदा., दर पाच टाक्यांमागे, एक टाका वाढवायचा. टाके येथे भूमितीय श्रेढीने, दर ओळीस १·२ पट, वाढतात. २० टाक्यांपासून आरंभ केल्यास वीस ओळींनंतर ते सु. ७६७ होतात. दोन सुयांच्या विणकामात इतके फास सुईवर पेलणे कठीण. क्रोशात एका वेळी बहुधा एकच फास सुईवर असतो. विणलेल्या तुकड्याला घडी घातली की ती घडी रेषेचे काम करते, व एका बिंदूतून घातलेल्या अनेक घड्या पहिल्या घडीला मिळत नाहीत, हे हाताने पडताळता येते. असे संपूर्ण प्रतल त्रिमितीय अवकाशात बसविता येत नाही, हे डाव्हीट हिल्बर्ट यांनी १९०१ मध्ये सिद्ध केले होते. त्यामुळे विणलेला नमुना हा नेहमी त्याचा एक भाग असतो.

ब्रिस्टल विद्यापीठातील हिंके ओसिंगा व बेर्न्ट क्राउस्कोफ यांनी २००४ मध्ये लोरेन्ट्‌स समीकरणांशी निगडित असलेले एक पृष्ठ २५,५११ टाक्यांत सु. ८५ तासांत विणून प्रसिद्ध केले. संगणकाने ते पृष्ठ मध्यापासून एकेक वलय जोडीत काढले होते, आणि रुमाल विणण्याची रीतही तीच असल्यामुळे त्या आकडेमोडीतून टाक्यांची सूचनावली तयार करता आली.