भाव बदलला, तरी गिऱ्हाइकाला जुनीच यादी का दिसते?



आपल्या कसब्यातल्या तांबट आळीचंच उदाहरण घेऊ. तांब्या-पितळेचा भाव कायम वर-खाली. समजा, तुमचं भांड्यांचं दुकान आहे आणि भावयादीची पीडीएफ तुम्ही वेबसाइटवर टाकलीय. सोमवारी भाव वाढला, तुम्ही त्याच नावाने नवी यादी चढवलीत. मंगळवारी गिऱ्हाईक मोबाईल पुढे करतं, "अहो, तुमच्याच साइटवर हंडा स्वस्त दाखवतोय की!" ते खोटं बोलत नाहीये. त्याच्या ब्राउझरने मागच्या आठवड्यात साठवलेली प्रत त्याला दिसतेय. आता फरक खिशातून भरा, नाहीतर गिऱ्हाईक गमवा.

सर्व्हर फाइल पाठवताना सोबत काही सूचना पाठवतो, त्या म्हणजे रिस्पॉन्स हेडर. पार्सलवर आपण 'काच आहे, जपून' लिहितो ना, तसंच. गिऱ्हाइकाला त्या दिसत नाहीत, ब्राउझर वाचतो.

आपल्या कामाचा हेडर 'कॅश-कंट्रोल'. त्यात 'मॅक्स-एज' सेकंदात देतात: ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे एक दिवस. तेवढा वेळ ब्राउझर सर्व्हरला न विचारता जुनी प्रत दाखवू शकतो. भावयादीला 'नो-कॅश' लावा. नाव फसवं आहे बरं का! साठवू नको, असा त्याचा अर्थ नाही (त्याला 'नो-स्टोअर' आहे). साठव, पण दाखवण्याआधी दरवेळी सर्व्हरला विचार, असा अर्थ. फाइल बदललेली नसेल तर सर्व्हर फक्त ३०४ असं उत्तर देतो, डेटा वाचतो. लोगोला महिनाभराची मुदत दिली तरी चालेल.

दुसरा 'कंटेंट-डिस्पोझिशन'. 'इनलाइन' म्हटलं की फाइल शक्यतो ब्राउझरमध्येच उघडते, 'अटॅचमेंट' म्हटलं की डाउनलोड होते. कोरा ऑर्डर फॉर्म असेल तर अटॅचमेंट ठीक. भावयादीला नको, कारण फोनमध्ये उतरलेल्या प्रतीवर तुमचा कुठलाच हेडर चालत नाही.

अपाचे किंवा लाइटस्पीडचं होस्टिंग असेल तर हे सगळं 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस' फाइलमध्ये लिहायचं, आणि 'फाइल्स' ब्लॉक करून फक्त भावयादीपुरतं. आधी त्या फाइलची प्रत काढून ठेवा. एक अक्षर चुकलं तर अख्खी साइट ५०० एरर दाखवू शकते. एन्जिनएक्स ही फाइल वाचतच नाही, तिथे मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये 'अ‍ॅड हेडर' लागतं, होस्टिंगवाल्यालाच सांगा.

मग कॉम्प्युटरवर क्रोममध्ये एफ १२ दाबा, 'नेटवर्क' उघडा, यादीच्या लिंकवर जा आणि 'रिस्पॉन्स हेडर्स'मध्ये आपली ओळ दिसते का बघा.

ज्यांच्याकडे जुनी प्रत आधीच साठलीय, त्यांचा ब्राउझर जुनी मुदत संपेपर्यंत सर्व्हरकडे कदाचित फिरकणारच नाही. म्हणून पहिल्यांदा एकदाच फाइलचं नाव आणि साइटवरची लिंक बदला. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ नको, लिंक पाठवा. यादीवर तारीख मोठ्या अक्षरात छापा.