शहराचा नकाशा (भाग ९) : लोखंडी त्रिकोणातले गॅरेजवाले

गेल्या आठवड्यात आपण विकास आराखड्यातला जांभळा रंग पाहिला. या रंगाचा पट्टा (झोन) उद्योगाचा, म्हणजे इथे ठोकाठोक, वेल्डिंग, स्प्रे-पेंटचा वास, सगळ्याला मुभा. मग अशा जागेवरून गॅरेजवाल्याला कोण उठवणार, असं वाटणं साहजिक आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या विलेट्स पॉइंटमध्ये त्याला उठवलं गेलं, आणि तेही झोनचा नियम न मोडता.

बेसबॉलच्या मैदानाला लागून असलेल्या सुमारे ६२ एकरांच्या या तुकड्याला लोक ‘आयर्न ट्रँगल’ म्हणत. लोखंडी त्रिकोण. दोनशेहून अधिक धंदे तिथे दाटीवाटीने उभे होते. एकाकडे डेंटिंग, शेजारी सायलेन्सर, समोर काचा, पलीकडे भंगारातून काढलेले दरवाजे आणि आरसे. गाडी आत शिरली की रस्त्यावरची पोरं हात करून थांबवत, काय मोडलंय ते विचारत आणि नेमक्या गाळ्यापाशी नेत. एका गाळ्यातला पार्ट दुसऱ्याच्या गाडीला, तिसऱ्याचं गिऱ्हाईक चौथ्याकडे. एकट्याने कुठेही दुकान थाटलं तर यातलं निम्मं काम मिळणार नाही. मला हीच या जागेची खरी संपत्ती वाटते. झोनिंगच्या कोणत्याही तक्त्यात तिला रकाना नाही.

आता दुसरी बाजू. इथे मलनिस्सारणाची वाहिनीच नव्हती. रस्ते खड्ड्यांचे, पावसात गुडघाभर तळी. जमिनीत तेल मुरलेलं होतं, हेही खरं. पण कर भरणाऱ्या वस्तीला कित्येक दशकं गटार द्यायचं नाही आणि मग तिथल्या घाणीवर बोट ठेवून ती जागा ‘बकाल’ ठरवायची, हे मला अन्यायाचं वाटतं. २००८ साली काही धंदेवाले याच मुद्द्यावर शहराविरुद्ध न्यायालयात गेले. त्यांच्या हाती काही लागलं नाही.

हा त्रिकोण हटवण्याचा प्रयत्न पहिलाच नव्हता. १९६४च्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात त्या प्रदर्शनाचा प्रमुख रॉबर्ट मोझेस याला ही जमीन हवी होती. तेव्हा भंगारवाल्यांनी एक तरुण वकील गाठला आणि मोझेसला माघार घ्यावी लागली. तो वकील म्हणजे मारिओ कुओमो, पुढे न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर झालेला.

२००८ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीत नगर परिषदेने या जागेचा झोनच बदलला. अवजड उद्योगाच्या जागी घरं, दुकानं, हॉटेल. शहराने एकेका मालकाकडून जमिनी विकत घेतल्या, सक्तीच्या संपादनाची टांगती तलवार ठेवून. इथे कळीचा मुद्दा येतो. झोनमुळे हक्क मिळतो तो जमिनीच्या मालकाला. बहुतेक मेकॅनिक भाडेकरू होते, कुणी तर अर्ध्या गाळ्याचे. मालकाने कागदावर सही केली की भाडेकरूच्या हातात उरते ती जागा रिकामी करण्याची नोटीस.

पुढे आराखड्यात शेजारच्या मैदानाच्या पार्किंगवर मोठा मॉल आला. ते पार्किंग कागदोपत्री सार्वजनिक उद्यानाचा भाग होतं. २०१७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सने, विधिमंडळाच्या परवानगीशिवाय तिथे मॉल बांधता येणार नाही, असा निकाल दिला. डांबरी पार्किंग तेव्हा ‘उद्यान’ म्हणून वाचलं. तोवर शहराच्या ताब्यातले गॅरेजचे गाळे मात्र कधीच रिकामे झाले होते.

चाळीसच्या वर गॅरेजवाल्यांनी ‘सनराइज’ नावाची सहकारी संस्था काढली आणि ब्राँक्समधल्या हंट्स पॉइंटला एका मोठ्या गोदामात सगळे मिळून जायचं ठरवलं. पुनर्वसनाची यापेक्षा शहाणी कल्पना कुणी मांडली नसेल, कारण तिने माणसांबरोबर बाजारही हलवायचं ठरवलं होतं. झोन तिथेही औद्योगिकच होता. पण गोदामाचं गॅरेज करायला हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा हवी, आगीचे फवारे हवेत, त्यांच्या परवानग्या हव्यात. परवान्यांत महिने गेले, भाडं थकलं, संस्था मोडली.

विलेट्स पॉइंटला आता २,५०० परवडणारी घरं, शाळा आणि २५,००० आसनांचं फुटबॉल मैदान उभं राहतंय. २०२४ साली नगर परिषदेने या मैदानाला मंजुरी दिली. घरांची गरज खोटी नाही. न्यूयॉर्कमध्ये परवडणारं घर मिळणं किती कठीण आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मलनिस्सारणाची वाहिनीही तिथे टाकायला घेतली. ते काम सुरू झालं २०११च्या सुमारास, झोन बदलल्यानंतर.